दवाखान्यातली आपली फाईल ७२ तासांत मिळते: अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं

आईला न्यूमोनिया झाला तेव्हा नऊ दिवस ॲडमिट होती. तिसऱ्या रात्री एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात अंगभर लाल चट्टे उठले, नर्सने लगेच दुसरं इंजेक्शन देऊन ते बसवले, आम्हीही घाबरलेलो, पहिल्या इंजेक्शनचं नाव कुणी विचारलं नाही. सहा महिन्यांनी आईची दाढ काढायला गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की ॲलर्जी कशाची आहे? आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'अँटिबायोटिक्स दिली' एवढंच.

मी परत त्या हॉस्पिटलला गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ताई, इनडोअर पेपर पेशंटला देत नाही आम्ही, डिस्चार्ज कार्ड दिलंय ना तुम्हाला." (इनडोअर पेपर म्हणजे ॲडमिट असतानाची सगळी फाईल.) तिथेच बसून हाताने अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घेतला. तिसऱ्या दिवशी फोन आला, ६४ पानांची झेरॉक्स तयार आहे म्हणून. त्यातल्या नर्सच्या औषधांच्या तक्त्यावर रात्री दहाच्या रकान्यात इंजेक्शनचं नाव होतं, सेफ्ट्रायाक्झोन, आणि खाली बारीक अक्षरात 'रॅश, एव्हिल दिलं' (एव्हिल म्हणजे ॲलर्जीवरचं औषध). एवढ्या एका ओळीसाठी ती सगळी धडपड!

आता नियम काय आहे ते सांगते, कारण खिडकीवर नियम सांगता आला की बोलणं बदलतं. ॲलोपॅथी डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे विनियम आहेत. त्यातला १.३.१ म्हणतो की ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं. १.३.२ म्हणतो की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितलं तर पोच देऊन ७२ तासांत कागद द्यायचे. आणि ७.२ प्रमाणे न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं. (२०२३ मध्ये नवे विनियम आले होते पण त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच सांगायचे.) मुंबई हायकोर्टाने तर १९९६ मध्येच सांगितलंय की केस पेपरच्या प्रती पेशंटला नाकारायला गुप्ततेचं कारण चालणार नाही, झेरॉक्सचा खर्च मात्र घेता येईल. म्हणजे पैसे मागितले तर भांडू नका, पावती मागा. बिल बाकी आहे म्हणून रेकॉर्ड अडवून ठेवायची सूट या विनियमांत कुठेही नाही.

अर्ज कोण करू शकतं? पेशंट स्वतः. पेशंट उठू शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन घरचं कुणीही. लहान मुलाचं असेल तर आईवडील. पेशंट गेलेला असेल तर वारस, मग मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद (रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, जे असेल ते) जोडायचा. बाकी कागद थोडेच: पेशंटच्या आधारची झेरॉक्स, अर्ज करणाऱ्याचं ओळखपत्र, डिस्चार्ज कार्ड किंवा बिलाची झेरॉक्स, कारण त्यावरचा आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नोंदणी क्रमांक) त्यांना फाईल शोधायला लागतो. तो नंबर अर्जात वरच लिहा, अर्धं काम तिथेच होतं.

अर्ज मेडिकल सुपरिटेंडेंटच्या नावाने करायचा, मोठ्या हॉस्पिटलात एमआरडी म्हणजे मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट असतं तिथे द्यायचा. मजकूर साधा: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे ॲडमिट होते/होतो, आयपीडी नंबर अमुक. विनियम १.३.२ प्रमाणे माझ्या संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात, झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे." 'संपूर्ण' हा शब्द सोडू नका, आणि खाली नावानिशी लिहा: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, ऑपरेशन आणि भूल नोंद, संमतीपत्रं, सगळे लॅब रिपोर्ट, एक्सरे-सीटीच्या फिल्म किंवा सीडी. नाहीतर डिस्चार्ज कार्डच परत छापून हातात ठेवतात. तोंडी मागणी कितीही वेळा केली तरी दाखवायला काही उरत नाही, त्यामुळे पोच हवीच. शिक्का मारायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा.

सरकारी दवाखान्यातही आधी हाच अर्ज. दाद लागली नाही तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कहाणी लिहू नका, फक्त कागदांची यादी द्या. अर्ज पेशंटच्याच सहीने करा, दुसऱ्याच्या सहीने गेला की खासगी माहिती म्हणून नाकारतात.

प्रिस्क्रिप्शनचं थोडक्यात. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा, औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं लिहायचं हेही त्याच विनियमांत आहे. चिठ्ठी तुमची आहे, औषध कुठल्या मेडिकलमधून घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं, हा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत आहे. ओपीडीचे कागद बहुतेक ठिकाणी आपल्याच हातात देतात, त्यामुळे घरी आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढा, शाई उडते. आणि विम्याच्या क्लेमला ओरिजनल लावण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा, आमच्या शेजारच्या काकांची सगळी ओरिजनल्स क्लेममध्ये गेली आणि नंतर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हातात काहीच नव्हतं.

७२ तास उलटले तर? आधी हॉस्पिटलकडेच लेखी तक्रार द्या. मग शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, गावाकडे जिल्हा शल्यचिकित्सक. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे २ वर्षांच्या आत जायचं, आणि हॉस्पिटलला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही. या सगळीकडे पहिला कागद एकच लागतो, तो पोचेचा शिक्का असलेला अर्ज.

झेरॉक्स हातात आली की खिडकीवरून हलू नका, तिथेच पानं मोजा. तारखा ओळीने आहेत का बघा, मधला एखादा दिवस गायब असतो, तो तिथल्या तिथे मागा, आणि प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का घ्या. तिसरं वर्ष संपत आलं असेल तर हा आठवडा सोडू नका.