नवी डिस्क डीएफमध्ये दिसत नाही? आधी एलएसबीएलके मारा

लिनक्सवर नवी हार्डडिस्क जोडली की बरेच जण पहिलं डीएफ -एच ही जागा दाखवणारी कमांड मारतात, तिथे काही दिसत नाही, आणि मग केबल काढून परत लाव, मशीन रीस्टार्ट कर असले उद्योग सुरू होतात. डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते, फक्त भलत्याच कमांडला विचारलेलं असतं.

एलएसबीएलके ही कमांड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, माहीत असलेले ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्क आणि त्यांची पार्टिशनं, दाखवते. पार्टिशन पाडलंय का, फॉरमॅट झालंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही, कोरी करकरीत डिस्कसुद्धा एसडीबी म्हणून येते, माउंटचा (डिस्क कुठल्या फोल्डरला जोडलीय त्याचा) रकाना तेवढा रिकामा. सुडोही, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकारही, लागत नाहीत. डीएफला मात्र डिस्कशी मतलबच नाही, ते माउंट झालेल्या फाइलसिस्टममध्ये किती जागा भरलीय आणि किती उरलीय एवढंच बघतं. म्हणून उलटंही होतं बरं का, नेटवर्कवरचं एनएफएस शेअर किंवा रॅममधलं टीएमपीएफएस डीएफमध्ये दिसतं आणि एलएसबीएलकेमध्ये त्याचा पत्ता नसतो.

खरी गंमत क्लाउडवरच्या सर्व्हरची डिस्क वाढवताना. समजा पॅनेलवरून 20 जीबीची 40 केली. एलएसबीएलकेमध्ये वर डिस्क 40जी आणि तिच्या खाली फांदीला पार्टिशन अजून 20जीच, डीएफही साधारण 20च्या आतबाहेर. मग ग्रोपार्ट ही पार्टिशन वाढवणारी कमांड चालवली की एलएसबीएलकेमध्ये दोन्ही ओळी जवळपास 40 होतात, आणि डीएफ? ते ढिम्म, जुनाच आकडा. कारण पार्टिशन मोठं झालं तरी आतली फाइलसिस्टम तेवढीच आहे, फाइलसिस्टम ईएक्सटी4 प्रकारची असेल तर रिसाइझ2एफएस आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस चालवल्यावरच डीएफ हलतं. दोन्ही कमांड शेजारी शेजारी ठेवल्या की गाडी नेमकी कुठे अडलीय ते लगेच कळतं, म्हणून मी तरी कधी एकीवर विसंबत नाही.

आकडेही जुळत नाहीत म्हणून लोक घाबरतात. 1 टीबीची डिस्क एलएसबीएलकेमध्ये 931.5जी दिसते, कारण कंपनी 1000 ने मोजते आणि कमांड 1024 ने, यात कोणी फसवलेलं नाही. डीएफमध्ये वापरलेली आणि उरलेली जागा मिळून एकूण होत नाही, कारण ईएक्सटी4 सहसा 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे अ‍ॅडमिन खात्यासाठी, राखून ठेवतं. नुसत्या डेटाच्या मोठ्या डिस्कवर एवढी राखीव जागा मला तरी वायाच वाटते, ट्यून2एफएस -एम 1 ने कमी करता येते.

उबुंटूवर स्नॅप पद्धतीने बसवलेल्या अ‍ॅपमुळे एलएसबीएलकेच्या यादीत लूप0, लूप1 अशी जत्रा भरते, ती एलएसबीएलके -ई7 ने गायब होते.

पेनड्राइव्हवर आयएसओ (डिस्कची इमेज फाइल) लिहायच्या आधी मात्र डीएफवर अजिबात जाऊ नका. पेनड्राइव्ह अनमाउंट केला की तो डीएफमधून जातो, एलएसबीएलकेमध्ये तसाच असतो, आणि ती फाइल लिहिणाऱ्या डीडी कमांडला नाव द्यायचं ते तिथलंच. एलएसबीएलके -ओ ला नेम, साइझ, मॉडेल, ट्रॅन (डिस्क कशाने जोडलीय ते) हे रकाने द्या, ज्याच्यापुढे यूएसबी लिहिलंय आणि साइझ पेनड्राइव्हएवढी आहे तोच आपला. एसडीबीच्या जागी एसडीए टाइप झालं तर डीडी काही विचारत बसत नाही, सरळ लिहायला लागतं.