दर दोन तासांनी

बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली शेतजमीन पिढ्यानपिढ्या शेणखत घालून कसलेली. पहिल्या महायुद्धात तिथेच खंदक खणले गेले. तोफगोळ्याचा तुकडा जवानाच्या मांडीत घुसायचा तो चिखलाने माखलेल्या गणवेशाची चिंधी घेऊनच. त्या चिखलात जनावरांच्या आतड्यांतून आलेले क्लॉस्ट्रिडियम गटातले जीवाणू असत. त्यांना प्राणवायू सोसत नाही, म्हणून रक्तपुरवठा तुटलेला, चेंदामेंदा झालेला स्नायू त्यांच्या पथ्यावर पडतो. परिस्थिती अनुकूल असली की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सची संख्या साधारण १० मिनिटांत दुप्पट होते. त्याचं विष पेशींची आवरणं फोडतं, स्नायूत वायू साठतो, कातडी दाबली की चरचरते. हाच गॅस गँग्रीन. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये आणि ते औषध म्हणून हाती आलं १९४० च्या दशकात. तोवर मेलेलं मांस वेळेत कापून काढायचं, नाहीतर हात किंवा पायच काढून टाकायचा.

या वेगामुळेच शस्त्रक्रियेचे तंबू आघाडीच्या जवळ न्यावे लागले. पोटात गोळी लागलेल्या माणसाला दूरच्या रुग्णालयापर्यंत नेण्यात गेलेले तास म्हणजे जीवाणूंना दिलेली सवलत. १९१७ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या ईपरच्या तिसऱ्या लढाईसाठी जवळच्या ब्रांडहूकला अशी केंद्रं उभारली गेली, तीही जर्मन तोफांच्या टप्प्यात. परिचारिका तिथे पोहोचल्या त्या या जीवशास्त्रीय हिशोबापायी. २१ ऑगस्ट १९१७ ला तिथे पडलेल्या तोफगोळ्याने नेली स्पिंडलर या २६ वर्षांच्या इंग्लिश परिचारिकेचा जीव घेतला. लाइसेन्टहूकच्या लष्करी दफनभूमीत १० हजारांहून जास्त सैनिक आहेत. त्यांच्यात ही एकटी स्त्री.

तिच्यासारख्यांची आठवण निदान दगडावर कोरलेली आहे. मला मात्र त्याहून जास्त विचार करावासा वाटतो तो रात्रपाळीतल्या एका कामाचा. त्याचं स्मारक कुणी बांधत नाही.

१९१५ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि फ्रेंच सर्जन अलेक्सी कॅरेल यांनी फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या रुग्णालयात एक पद्धत बसवली. औषध अगदी साधं: सोडियम हायपोक्लोराइटचं अर्धा टक्का द्रावण. घरातलं ब्लीच याच रसायनाचं, पण साधारण दसपट तीव्र आणि जास्त अल्कधर्मी. (म्हणून ते पाण्यात मिसळून जखमेवर ओतायचा प्रयोग कुणी करू नये.) डेकिनची करामत होती ती प्रमाणात. द्रावण फार पातळ झालं तर जंतू मरत नाहीत, तीव्र झालं तर कातडी भाजते.

अडचण निराळीच होती. हायपोक्लोराइट जंतूंच्या प्रथिनांवर तुटून पडतं तसंच पुवातल्या आणि मेलेल्या मांसातल्या प्रथिनांवरही, आणि त्या झटापटीत स्वतः थोड्याच वेळात संपून जातं. एकदा जखम धुऊन पट्टी बांधली आणि मोकळे झालो, असं इथे चालत नाही. त्यातच फ्रान्समधल्या बुलोन्यला काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने (पुढे पेनिसिलिन शोधलं ते यानेच) काचनळीला टोकदार कोपरे काढून एक कृत्रिम जखम बनवली आणि दाखवून दिलं की जंतुनाशक ओतलं तरी कोपऱ्यांत दडलेले जंतू जगतात. त्याचे वरिष्ठ आल्मरॉथ राइट तर जंतुनाशकांच्या विरोधातच होते. ती औषधं जंतूंआधी पांढऱ्या पेशींना मारतात, असा त्यांचा आक्षेप, आणि बऱ्याच औषधांबाबत तो बरोबरही होता.

कॅरेलचा तोडगा असा: मेलेलं मांस कापून काढायचं, मग जखमेच्या प्रत्येक कोपऱ्यात बारीक छिद्रांची रबरी नळी पोहोचवायची आणि पलंगाच्या वर टांगलेल्या काचपात्रातून दर दोन तासांनी थोडं ताजं द्रावण सोडायचं. आठवडा लागो की पंधरवडा, दिवसा आणि रात्रीही. जखमेतला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे, आकडा आलेखावर मांडायचा. तो जवळपास शून्यावर आला की मगच टाके घालायचे.

दर दोन तासांनी म्हणजे एका जखमीमागे दिवसाला १२ वेळा. असे ३० जखमी वॉर्डात असले तर ३६० वेळा. हे ३६० वेळा करणार कोण? नळी रक्ताच्या गुठळीने तुंबली आहे का, द्रावण शिळं झालं नाही ना, उजेडाने त्यातला क्लोरीन उडाला नाही ना, भोवतालच्या कातडीवर व्हॅसलिनची पट्टी नीट बसली आहे ना, हे बघणारी परिचारिकाच. एक कोपरा कोरडा राहिला की तिथून पुन्हा सुरुवात. या पद्धतीचे जिथे गोडवे गायले गेले आणि जिथे ती फसली, तिथल्या फरकाचा मोठा भाग या शिस्तीत होता असं माझं मत आहे. पद्धतीला नाव मिळालं दोन पुरुषांचं. कॅरेलची पत्नी ॲन स्वतः प्रशिक्षित परिचारिका होती आणि काँपिएन्यला त्याच्यासोबत राबत होती, हेही सहसा कुणी सांगत नाही.

या कामाला स्वतःचा धोका होताच. पुवाने भरलेल्या पट्ट्या हाताळताना बोटाला बारीकशी चीर पडली की तीच पिकायची, आणि प्रतिजैविकांविना अशी बोटं जिवावर बेतू शकत. संसर्गाला आघाडीचंही बंधन नव्हतं. मेसोपोटेमियातले (आजच्या इराकमधले) आजारी आणि जखमी सैनिक मुंबई-पुण्याच्या युद्ध रुग्णालयांत येत, तिथे ऑस्ट्रेलियन परिचारिका त्यांची शुश्रूषा करत. त्यांच्यापैकी ॲमी वेडा ओग्रेडी १९१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेल्या.

डेकिनचं द्रावण आजही काही चिघळलेल्या जखमांसाठी वापरतात. अतिदक्षता विभागांत आता अशी यंत्रंही आहेत, जी ठरावीक तासांनी जखमेत आपोआप द्रव सोडतात, काही मिनिटं तो तिथे ठेवतात आणि मग शोषून घेतात. दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ ठेवायचा, ते सुरुवातीला त्यांत भरावं लागतं. बऱ्याचदा तो दोन ते साडेतीन तासांचा असतो.