शीर निळी दिसते, रक्त लालच असतं

लग्नसराई आली की आमच्या विदर्भातल्या गावांत ‘घराणं मोठं, रक्त खानदानी’ हे हमखास ऐकू येतं. युरोपात उमरावांना याच अर्थाने ‘निळ्या रक्ताचे’ म्हणत. मूळ शब्द स्पॅनिश, ‘सांग्रे आसूल’. आमच्यात मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुसलमान) किंवा ज्यू रक्ताचा थेंबही मिसळलेला नाही, अशी स्पेनच्या कास्तील प्रांतातली जुनी सरदार घराणी फुशारकी मारत. पुरावा काय, तर गोऱ्या मनगटावरच्या निळ्या शिरा! तिथल्याच तोलेदो शहरात तर 1449 साली ज्यू पूर्वज असलेल्या ख्रिस्ती लोकांना नगराची पदं नाकारणारा नियमच झाला होता.

पण माणसाचं रक्त कुणाचंच निळं नसतं. फुप्फुसांतून निघालेलं भडक लाल, शिरांतून परतणारं काळपट लाल. मग शीर निळी का दिसते?

उन्हात सगळे रंग असतात. त्यातला निळा प्रकाश (तरंगलांबी सुमारे 450 नॅनोमीटर) त्वचेत फार खोल शिरत नाही, वरच्यावर विखरून परततो. लाल प्रकाश (650 नॅनोमीटरच्या आसपास) खोल जाऊन शिरेला गाठतो आणि तिथलं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन (रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन) त्यातला बराचसा शोषून घेतं. त्यामुळे शिरेच्या जागेवरून निळा प्रकाश जवळपास शेजारच्या त्वचेइतकाच परत येतो, लाल मात्र कमी. संशोधक अल्विन किनले आणि सहकाऱ्यांनी 1996 साली हे मोजून मांडलं. शिरेवरूनसुद्धा निळ्यापेक्षा लाल प्रकाशच जास्त परततो! तरी ती निळी दिसते, कारण मेंदू रंग ठरवतो तो शेजारच्या त्वचेशी ताडून. रक्तवाहिनी बारीक आणि अगदी वर असेल, तर रक्त निळा प्रकाशही शोषतं आणि ती लाल दिसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बघा.

भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातावर मेलॅनिन, म्हणजे त्वचेला सावळेपणा देणारं रंगद्रव्य, जास्त. ते प्रकाश वरच शोषतं, म्हणून तिची शीर तशी उठून दिसत नाही. सावलीत बसलेल्या सरदाराची दिसे. त्यांचं खानदान एवढ्यावर उभं होतं.

शाळेच्या आकृतीत शिरा निळ्या आणि खाली ‘अशुद्ध रक्त’ लिहिलेलं असतं. त्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, घाण नसते. आठवडी बाजारातल्या ‘रक्तशुद्धी’च्या चूर्णावर पैसे घालवू नका, हे काम फुप्फुसं प्रत्येक श्वासाला करतात.

धानाच्या बांधीतल्या खेकड्याचं रक्त मात्र खरोखर निळसर असतं. त्यात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन लोहाऐवजी तांब्यावर चालतं.

लग्नाआधी रक्तात काही बघायचंच असेल, तर आपल्या भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार बघावा. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाहक माणूस, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला, धडधाकट दिसतो. आईवडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. बोटातल्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीने, कळतं.