जनक्रांती आणि टिकाऊ लोकशाही

लोकांनी रस्त्यावर उतरून एखादी हुकूमशाही उलथवली, तर त्या देशात लोकशाही रुजते का, आणि रुजलीच तर ती पुढच्या पिढीपर्यंत टिकते का, हा राज्यशास्त्रातील जुना वाद आहे. सामान्य नागरिकांनी मोठ्या संख्येने एकत्र येऊन, चालू कायद्याची चौकट ओलांडून घडवलेले सत्तांतर म्हणजे जनक्रांती, असा अर्थ येथे धरला आहे. निव्वळ लष्करी सत्तापालट किंवा परकीय राज्यकर्त्यांविरुद्धचा स्वातंत्र्यलढा तिच्यात मोडत नाही. सीमारेषा मात्र नेहमीच स्वच्छ नसते. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, रणगाडे बाहेर काढले ते तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी. पण घरीच थांबा हे त्यांचे आवाहन न जुमानता लोक रस्त्यावर आले, त्यांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली, आणि त्या सत्तापालटाची क्रांती झाली.

‘टिकाऊ’ कशाला म्हणायचे यावर एकमत नाही. एक निवडणूक नीट पार पडणे पुरेसे नाही, एवढे सर्वांना मान्य आहे. अमेरिकन अभ्यासक सॅम्युएल हंटिंग्टन यांनी दोन सत्तांतरांची कसोटी सुचवली. क्रांतीनंतर निवडून आलेल्यांनी निवडणूक हरल्यावर सत्ता सोडावी आणि त्यांच्या जागी आलेल्यांनीही पुढे तेच करावे, म्हणजे लोकशाही पक्की झाली असे समजावे. कसोटी वापरायला सोपी आहे, पण ती किती फसवू शकते हे बांगलादेशाच्या उदाहरणात पुढे दिसेल.

या प्रश्नाच्या मुळाशी दोन वेगळ्या कामांची गल्लत आहे. राज्यकर्त्याला घालवण्यासाठी एकजूट लागते. लोकशाही चालवण्यासाठी त्याच माणसांनी आपापसांत फुटून, एकमेकांविरुद्ध लढून, हरल्यावर गप्प घरी जायची तयारी ठेवावी लागते. चौकात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्यांना हे दुसरे काम जमतेच असे नाही, आणि ते शिकण्यासाठी त्यांना वेळही फार थोडा मिळतो.

फ्रान्सचा लांबलेला प्रवास

१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती या चर्चेत नेहमी पहिली येते, आणि बहुतेक वेळा अपयशाचा दाखला म्हणून. १७९२ मध्ये प्रजासत्ताक आले, १७९३–९४ मध्ये विरोधकांच्या शिरच्छेदांचे दहशतपर्व, १७९९ मध्ये नेपोलियनचा सत्तापालट, १८०४ मध्ये तो सम्राट आणि १८१४ मध्ये पुन्हा बूर्बों राजघराणे. फ्रेंच विचारवंत ॲलेक्सी द तॉकव्हिल यांनी दाखवून दिले, की राजाचे डोके उडाले तरी राजाने उभारलेली केंद्रीभूत नोकरशाही शाबूत राहिली आणि नव्या धन्याच्या हाती आयतीच पडली. हे निरीक्षण आजही जवळजवळ प्रत्येक क्रांतीला लागू पडते.

१८४८ ची कहाणी त्याहून बोलकी आहे, तरी ती कमी सांगितली जाते. फेब्रुवारीच्या उठावानंतर सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि मतदारांची संख्या सुमारे अडीच लाखांवरून नव्वद लाखांच्या वर गेली. याच मतदारांनी डिसेंबरमध्ये सम्राट नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याला प्रचंड बहुमताने अध्यक्ष निवडले. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १८५१ रोजी, त्याने संसद बरखास्त केली आणि त्या कृत्यावरही सार्वमत घेऊन शिक्कामोर्तब करून घेतले. लोकांचा कौल लोकांच्याच हक्कांविरुद्ध वापरण्याचा हा मार्ग पुढे अनेकांनी गिरवला. फ्रान्समध्ये दीर्घकाळ टिकलेले प्रजासत्ताक १८७० मध्ये आले आणि स्त्रियांना मताधिकार मिळायला १९४४ उजाडले. म्हणजे १८०० साली विचारले असते तर उत्तर ‘नाही’ आले असते आणि १९०० साली ‘होय, अर्धेमुर्धे’. क्रांतीचा हिशेब कोणत्या वर्षी मांडायचा, यावर निकाल पुष्कळ अवलंबून असतो.

पहिले काही महिने

राजवट पडल्यानंतरच्या थोड्या महिन्यांत बंदुका कोणाच्या हाती राहतात, नवे नियम कोण लिहितो आणि जुन्या राजवटीच्या माणसांना नव्या व्यवस्थेत कोणती जागा मिळते, यावर बरेच काही ठरते.

रशियात १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये घटना समितीची निवडणूक झाली. तिच्यात नुकतीच सत्ता बळकावलेल्या लेनिनच्या बोल्शेव्हिक पक्षाला बहुमत मिळाले नाही; सर्वांत मोठा पक्ष ठरला तो समाजवादी क्रांतिकारकांचा. जानेवारी १९१८ मध्ये समितीची जेमतेम एक बैठक झाली आणि सशस्त्र पहारेकऱ्यांनी तिचे दार कायमचे बंद केले. इराणमध्ये तर प्रश्नच असा विचारला गेला, की उत्तराला वाव उरू नये. शहा देश सोडून गेल्यावर मार्च १९७९ च्या अखेरीस सार्वमत झाले. त्यात ‘इस्लामी प्रजासत्ताक : होय की नाही’ एवढाच पर्याय होता, आणि त्या प्रजासत्ताकाची घटना तेव्हा अजून लिहिली जायची होती. ती लिहिताना सर्वोच्च धर्मशास्त्रीचे पद निवडून आलेल्या सर्वांच्या वर नेऊन ठेवण्यात आले. शहाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांत उदारमतवादी होते, डावे होते, हजारो स्त्रिया होत्या. त्यांतल्या कितीतरी जणांनी यासाठी जीव धोक्यात घातला नव्हता.

पोर्तुगालमध्ये याच्या उलट घडले. क्रांतीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी घटना समितीची निवडणूक झाली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. आम्हाला लोकांनी निवडून दिले आहे, असे मध्यममार्गी पक्षांना छातीठोकपणे म्हणता आले. नोव्हेंबर १९७५ मधला डाव्या सैनिकांचा उठाव फसला, १९७६ मध्ये घटना आली, आणि लष्कराची क्रांती परिषद १९८२ मध्ये विसर्जित झाली. लष्कराला बराकीत परत पाठवायला आठ वर्षे लागली, पण ते परत गेले.

इजिप्तमध्ये ते कधी गेलेच नाही. ११ फेब्रुवारी २०११ रोजी अध्यक्ष मुबारक पायउतार झाले तेव्हा सत्ता लष्करी परिषदेने हाती घेतली. निवडून आलेले संसदेचे सभागृह जून २०१२ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने बरखास्त झाले. त्याच महिन्यात इस्लामवादी नेते मुहम्मद मोर्सी जवळपास ५२ टक्के मतांनी अध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा हुकूम काढला. विरोधकांना मोर्सींपेक्षा लष्कर बरे वाटू लागले, ही खरी दुर्दैवाची गोष्ट. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना हटवले, आणि आंदोलकांनी कैरोच्या तहरीर चौकात मागितलेले जवळपास सर्व काही परत हिरावले गेले.

ट्युनिशिया

अरब देशांतील २०११ च्या क्रांतीच्या लाटेत एकटा ट्युनिशिया दहा वर्षे उभा राहिला, म्हणून त्याचे कोसळणे अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद या आतल्या भागातील गावात मुहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले. महिनाभरात, १४ जानेवारी २०११ रोजी, हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाले. येथील लष्कर लहान होते आणि सत्तेच्या राजकारणात त्याला रस नव्हता. कामगार महासंघ मात्र जुना, गावोगाव पसरलेला आणि वाटाघाटींत मुरलेला होता. २०१३ मध्ये दोन डाव्या नेत्यांच्या हत्या झाल्या आणि देश इजिप्तच्या वाटेने जातो की काय असे वाटू लागले, तेव्हा हा महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना अशा चौघांनी इस्लामवादी एन्नाहदा पक्षाला आणि विरोधकांना एका टेबलाशी बसवले. जानेवारी २०१४ मध्ये घटना समितीच्या २१६ पैकी २०० सदस्यांनी नवी घटना मंजूर केली. या चौकडीला २०१५ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

पण घटनेने सांगितलेले घटनात्मक न्यायालय कधी स्थापनच झाले नाही. न्यायाधीशांच्या नावांवर पक्षांचे एकमत होईना, आणि संसदेने ते काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले. २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन संसद स्थगित केली, तेव्हा हे कलम असे वापरता येते का, हे ठरवणारे कोणी अस्तित्वातच नव्हते. त्या रात्री अनेकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला, हेही विसरता येत नाही. दहा वर्षांत बेकारी हटली नव्हती, आतले जिल्हे होते तसेच मागास राहिले होते, आणि भांडणाऱ्या संसदेचा लोकांना वीट आला होता. २०२२ च्या सार्वमताने अध्यक्षांना वाढीव अधिकार देणारी घटना आणली. त्यात सुमारे ३० टक्के मतदान झाले. वर्षअखेरच्या संसदीय निवडणुकीत ते ११ टक्क्यांच्या आसपास आले.

अभ्यासक काय सांगतात

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातील ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक, तर सशस्त्र मोहिमांपैकी सुमारे एकचतुर्थांश यशस्वी झाल्या, आणि अहिंसक यशानंतर लोकशाही येण्याची शक्यताही जास्त दिसली. यामागचे कारण अहिंसेच्या नैतिक तेजाइतकेच तिच्या रचनेतही आहे. लाखो लोकांना शस्त्राविना एकत्र ठेवायचे तर आधी संघटना, विश्वास आणि बोलणी करण्याची सवय लागते, आणि नंतर राज्य चालवायलाही तेच लागते. पोलंडमध्ये १९८९ च्या गोलमेज वाटाघाटींपूर्वी सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने जवळपास नऊ वर्षे, त्यांतली बरीच बंदीखाली, हा सराव केला होता. २०१० नंतर मात्र अहिंसक मोहिमांच्या यशाचे प्रमाण घटले आहे. समाजमाध्यमांवरून गर्दी चटकन जमते, पण वाटाघाटीला कोणाला पाठवायचे हे ठरवणारी संघटना तिच्यामागे नसते.

आर्थिक स्थितीचा मुद्दाही मोठा आहे. १९१८ च्या क्रांतीतून आलेले जर्मन प्रजासत्ताक १९३२ मध्ये साठ लाख बेकारांचे ओझे पेलू शकले नाही. तरी केवळ उत्पन्नाने सगळे उलगडत नाही. बांगलादेशात १९९० च्या जनआंदोलनाने लष्करी हुकूमशहा इर्शाद गेले आणि त्यानंतर १९९६, २००१ व २००८ मध्ये मतपेटीतून सत्ता बदलली. हंटिंग्टन यांची कसोटी तिथे उत्तीर्ण झाली होती. निवडणुका निःपक्ष काळजीवाहू सरकारने घ्याव्यात हा नियम १९९६ मध्ये घटनेत आला आणि २०११ मध्ये काढला गेला. तो गेल्यावर सत्ता मतदानाने बदलली नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान शेख हसीना यांना घालवायला पुन्हा रस्त्यावरच यावे लागले, आणि त्या पावसाळ्यात शेकडो लोक मारले गेले.

एकाच देशातील दोन क्रांत्या

दक्षिण कोरियात हा प्रयोग दोनदा झाला. एप्रिल १९६० मध्ये निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले आणि अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना जावे लागले. संसदीय सरकार आले, ते वर्षभरही टिकले नाही. १६ मे १९६१ रोजी जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. १९८७ च्या जूनमध्ये पुन्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा देश बदललेला होता. शहरी मध्यमवर्ग वाढला होता, कामगार संघटित होत होते, आणि १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने केलेल्या हत्याकांडाची आठवण ताजी होती. सत्ताधारी पक्षाने थेट अध्यक्षीय निवडणुकीची मागणी मान्य केली. मग विरोधकांचे दोन नेते एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि जुन्या राजवटीतले जनरल रो ते-वू सुमारे ३७ टक्के मतांवर निवडून आले. ज्यांनी अश्रुधूर आणि छळ सोसला होता त्यांच्यासाठी हा निकाल फार कडू होता. पण निवडणुकीतूनही आपण सत्तेत येऊ शकतो हे जुन्या पक्षाला त्यातून कळले, म्हणून त्याने नवे नियम मोडले नाहीत. लष्करातील गुप्त गट १९९३ पासून मोडून काढले गेले, १९९६ मध्ये दोन माजी लष्करी अध्यक्षांना न्यायालयाने दोषी ठरवले, आणि १९९७ मध्ये विरोधी नेते किम दे-जुंग निवडून आले. १९८८ मध्ये सुरू झालेल्या घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये एका अध्यक्षाला पदावरून दूर केले.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला आणि सैनिक संसदेत शिरले. नागरिक फाटकाशी जमले, काही खासदार कुंपणावरून चढून आत गेले, आणि काही तासांतच हजर असलेल्या सर्व १९० सदस्यांनी तो कायदा मागे घेण्याच्या बाजूने मत दिले. ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदच्युत केले, आणि दोन महिन्यांनी नवा अध्यक्ष मतदानाने निवडला गेला.