एसएमएसच्या चिल्लरीवर तगलेलं चिनी इंटरनेट

चिनी इंटरनेट कंपन्या एवढ्या मोठ्या का झाल्या, यावर एक उत्तर आपल्याकडे तयारच असतं: सरकारने परदेशी कंपन्यांना आत येऊ दिलं नाही म्हणून. हे अर्धंच खरं. फेसबुक तिथे 2009 मध्ये बंद झालं आणि गूगलने आपलं सर्च हाँगकाँगला हलवलं 2010 मध्ये. तोवर मेसेंजरवाली टेन्सेंट आणि सर्च इंजिनवाली बायडू या चिनी कंपन्या शेअर बाजारात पाय रोवून बसल्या होत्या. खरा प्रश्न त्याआधीचा आहे. सुरुवातीची वर्षं या कंपन्यांनी काढली कशावर?

चीन 20 एप्रिल 1994 रोजी इंटरनेटला पूर्णपणे जोडला गेला. पुढच्या चारेक वर्षांत सिना, सोहू आणि नेटईज ही तीन पोर्टल्स उभी राहिली. यातली सिना म्हणजे बीजिंगची एक सॉफ्टवेअर कंपनी आणि स्टॅनफर्डमधल्या तैवानी विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियात काढलेली वेबसाइट यांचं विलीनीकरण. भांडवल अमेरिकेत होतं, पण या क्षेत्रात परदेशी मालकीला चिनी कायद्याची आडकाठी होती. मग पळवाट निघाली. परवाना चिनी नागरिकांच्या नावावरच्या कंपनीकडे, शेअर परदेशात नोंदलेल्या कंपनीचे, आणि दोन्हींना बांधणारे फक्त करारनामे. बीजिंगने याला होही म्हटलं नाही आणि नाहीही. 2000 च्या एप्रिल ते जुलैमध्ये तिन्ही पोर्टल्स अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात पोहोचली.

मुहूर्त मात्र वाईट. डॉटकॉमचा फुगा तेव्हाच फुटत होता. नेटईजचा शेअर डॉलरच्या खाली गेला आणि 2001 मध्ये हिशेबातल्या घोळामुळे त्याचे व्यवहारही थांबवले गेले.

वाचवलं ते मोबाइलने. क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे होतं, फोनमधला बॅलन्स मात्र कोट्यवधींकडे. 2000 च्या अखेरीस चायना मोबाइलने योजना आणली: विनोद, राशिभविष्य, रिंगटोन, बातम्या एसएमएसवर विका, पैसे आम्ही बिलातून कापतो, 15 टक्के आमचे, 85 तुमचे. आपला क्यूक्यू मेसेंजर तुफान चालूनही सर्व्हरच्या खर्चाने टेकीला आलेल्या टेन्सेंटची नफ्याकडे वाटचाल याच पैशांवर सुरू झाली. (त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्सने टेन्सेंटमध्ये मोठा हिस्सा घेतला, तिच्या हाती जणू घबाडच लागलं.) आपल्याकडे कॉलरट्यूनचे पैसे परस्पर कापले गेल्याच्या कहाण्या आठवत असतील. तशीच बोंब तिथेही उठली आणि नियम आवळले गेले. पण तोवर नेटईज ऑनलाइन गेम्सकडे वळली होती. ऑक्टोबर 2003 मध्ये तिचे संस्थापक डिंग ले चिनी श्रीमंतांच्या हुरुन यादीत पहिले आले.

त्याच वर्षी सार्सच्या साथीत अलीबाबाने ताओबाओ ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट सुरू केली. समोर होती याच धंद्यातली अमेरिकी ईबे, आणि तिला कुणी रोखलेलं नव्हतं. पण ताओबाओवर विक्रेत्याला फी नव्हती, आणि अलीबाबाचीच पैसे भरायची सेवा अलीपे ग्राहकाचे पैसे माल हातात पडेपर्यंत अडकवून ठेवत असे. 2006 अखेर ईबेने तिथली आपली साइट गुंडाळली.

तैवान आणि हाँगकाँगची वाट वेगळी. लिपीची नाळ असली तरी बाजार एक नव्हता. तैवानात दीर्घकाळ याहूचं राज्य होतं. आज तिथे ‘लाइन’ हे मेसेजिंग अ‍ॅप चालतं, हाँगकाँगात व्हॉट्सअ‍ॅप.

सिनाची पळवाट मात्र पुढे राजमार्ग झाली. 2014 मध्ये अलीबाबाने न्यूयॉर्कमध्ये तब्बल 25 अब्ज डॉलरची विक्रमी शेअरविक्री केली, तेव्हाही गुंतवणूकदारांना मिळाली ती केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीतली भागीदारी.