छपरावरचा अँटेना: काड्या, बँड आणि डोंगर

गच्चीवर पडलेल्या जुन्या अँटेनाची सगळ्यात लांब काडी मोजली, की तो कुठल्या बँडसाठी (म्हणजे लहरींच्या कुठल्या पट्ट्यासाठी) घेतला होता हे आजही ओळखता येतं. मुंबई दूरदर्शन चॅनल 4 वर दिसायचं, म्हणजे 61 ते 68 मेगाहर्ट्झ. ती लहर साडेचार-पाच मीटर लांबीची, आणि अँटेनाची मुख्य काडी लहरीच्या निम्म्या लांबीची असावी लागते. म्हणून मुंबईतल्या इमारतींवर सात-आठ फुटी काड्यांचे ते अवजड सांगाडे उभे असायचे. ज्या गावचा ट्रान्स्मीटर बँड-3 मध्ये, म्हणजे जास्त आखूड लहरींच्या पट्ट्यात होता, तिथे पाऊण मीटरच्या काडीत काम भागायचं. दुकानदार गिऱ्हाईकाला आधी ‘राहता कुठे?’ असं विचारायचा, ते यासाठीच.

हा सांगाडा मूळचा जपानचा. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी 1926 मध्ये तो मांडला. तार जोडलेली एक काडी, तिच्यामागे जरा लांब काडी, आणि पुढे जरा आखूड काड्यांची रांग. मागची काडी लहर परतवते, पुढच्या काड्या ती ओढून आणतात. काड्या वाढवल्या की एका दिशेची ताकद वाढते आणि बाकीच्या दिशा बहिऱ्या होतात. बरंचसं काम उदांचं, पण यागींनी 1928 मध्ये इंग्रजीत लेख लिहिला आणि जगभर नाव त्यांचं झालं. जपानी सैन्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर हाती आलेल्या ब्रिटिश कागदांत ‘यागी’ हा शब्द दिसला. तो आपल्याच माणसाच्या नावावरून आलाय, हे त्यांना एका युद्धकैद्याकडून कळलं, असं सांगतात.

आपल्याकडे दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. मुंबईला 2 ऑक्टोबर 1972 पर्यंत थांबावं लागलं. वरळीचा 300 मीटरचा मनोरा तेव्हापासून शहराच्या ओळखीचा झाला. एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सपाटीवर 70 किलोमीटरच्या आसपास पोचते, आणि घरचा अँटेना 10 मीटर उंच असेल तर आणखी 13 किलोमीटर पदरात पडतात. पण हे सगळं मधे काही आडवं नसेल तर. अलिबागसारख्या खाडीपलीकडच्या गावांना मधे नुसतं पाणी, त्यामुळे त्यांचं बरं होतं. पुण्याच्या वाटेत सह्याद्री उभा. एवढ्या अंतरावर घाटापलीकडे काड्या कितीही वाढवा, उपयोग शून्य. म्हणून 1973 मध्ये सिंहगडावर ट्रान्स्मीटर आला आणि मुंबईचे कार्यक्रम तिथून पुण्यात उतरू लागले. शहरातल्या अँटेनांनी माना गडाकडे वळवल्या. (तिकडे अमृतसरला दूरदर्शन पोचायच्या आधी त्या लाहोरकडे वळलेल्या असायच्या.)

काड्यांचा हिशेब जुळला तरी चित्र बिघडायची कारणं वेगळीच असायची. पडद्यावर मुंग्या आल्या की सिग्नल कमी. एकाच माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसली, तर लहर समोरच्या इमारतीवर आपटून दुसऱ्यांदा येतेय. मुंग्यांना उंची किंवा बूस्टर (सिग्नल वाढवणारी पेटी) हा उपाय. सावलीला बूस्टर लावला तर सावलीही ठसठशीत होते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत होती आणि बूस्टर धडाधड खपत होते. आमच्या घरी तर खरा दोष भलताच निघाला. मुख्य काडीच्या मधोमध एक प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात चपटी पट्टी वायर दोन स्क्रूंनी आवळलेली. खाऱ्या हवेने ते स्क्रू इतके गंजले होते की हात लावताच वायर सुटून आली. दोन पावसाळे आम्ही अँटेना उगाच फिरवत बसलो होतो.

1982 मध्ये रंग आले, मग इन्सॅट-1बी हा उपग्रह. 1984 मध्ये तर काही महिने देशात जवळपास रोज एक छोटा ट्रान्स्मीटर सुरू होत होता. यातले बहुतेक 100 वॅटचे, म्हणजे तालुक्याचं गाव आणि आसपासची खेडी एवढाच टापू. टापूच्या कडेला राहणाऱ्यांना जास्त काड्यांचा अँटेना आणि उंच पाइप लागायचा, गावातल्याचं चार काड्यांत जमायचं.

1990 नंतर केबल आली, 2004 च्या डिसेंबरमध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली, आणि गच्चीवरचे पाइप कपडे वाळवायच्या दोरीचे झाले. अॅनालॉग ट्रान्स्मीटर 2022 पर्यंत जवळपास सगळे बंद झाले. सीमेवरचे वगैरे थोडे राहिले. डिशला गावाचं फारसं सोयरसुतक नसतं. सिंहगड असो की वरळी, महाराष्ट्रातल्या मोफत डिशा सगळ्या आग्नेयेकडेच बघतात, कारण उपग्रह तिकडे आहे.

मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शनने 2016 मध्ये 16 शहरांत सुरू केलं, त्यात आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद. त्यात मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत. चित्र एक तर स्वच्छ दिसतं, नाहीतर थांबून तुकडे पडतात. ते यूएचएफवर, म्हणजे आणखी आखूड लहरींवर येतं, त्याच्या काड्या फूटभर. ‘घरात जुना अँटेना आहे की’ म्हणून चॅनल 4 चा सात फुटी सांगाडा खाली काढणाऱ्यांनी आधी टेप लावून बघावी, आणि टीव्हीत डीव्हीबी-टी2 (हे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा) ट्यूनर आहे का तेही.