स्टाफची संध्याकाळ: आधी ड्युटी चार्ट, मग थीम

(हॉस्पिटलचं एचआर, मेट्रन ऑफिस आणि प्रशासन यांच्यासाठी)

आम्ही हॉस्पिटलच्या स्टाफसाठी खेळांची संध्याकाळ आयोजित करतो. त्यासाठी हॉस्पिटलमधून येणारे फोन बहुधा असेच सुरू होतात: "आमचा स्टाफ १२० आहे, पुढचा शुक्रवार पक्का केलाय, थीम कोणकोणत्या आहेत?" थीम सांगतोच. पण त्यातला १२० हा पगाराच्या यादीतला आकडा आमच्या कामाचा नाही. आणि शुक्रवार पक्का करताना ड्युटी चार्ट, म्हणजे कोण कुठल्या पाळीत हे सांगणारा तक्ता, पाहिला होता का, असं विचारलं की "विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवला जातो.

पगाराची यादी दोन्हीकडून चुकते. समजा तीन पाळ्या चालतात. त्या संध्याकाळी दुपारपाळीचे २६ जण वॉर्डात आहेत. रात्रपाळीचे १८ जण आले तरी शेवटपर्यंत थांबणार नाहीत. आठवड्याला एक सुट्टी धरली तर रोज साधारण १७ जण सुट्टीवर, शिवाय ५-६ रजेवर. उरले ५३. सुट्टीवरचे काही जण येतीलही, पण त्यांच्या भरवशावर टीम पाडता येत नाहीत. सात-सातच्या १७ टीमची मांडणी करून ठेवावी आणि समोर ५३ माणसं बसलेली असावीत, असं झालं की पहिला पाऊण तास याद्या फाडून नव्या करण्यात जातो. तो पुढे भरून निघत नाही, कारण शेवटाला घड्याळ बांधलेलं असतं.

दुसरी चूक उलटी. सफाई, सुरक्षा, लाँड्री ही कामं बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर असतात, त्यामुळे ती माणसं एचआरच्या यादीत येतच नाहीत. सिस्टरना आमंत्रण आणि त्याच वॉर्डच्या मावशींना नाही, असं झालं तर दुसऱ्या दिवशी वॉर्डात जे वातावरण असतं, ते आमच्या कुठल्याही खेळाने सुधारत नाही. कंत्राटदाराकडून त्यांची पाळीनिहाय नावं वेगळी मागवा.

म्हणून विनंती एकच: तारीख आमच्याआधी चार्ट लिहिणाऱ्यांना कळवा, आणि तीही चार्ट लिहायच्या आधी. चार्ट भिंतीवर लागल्यावर तारीख सांगितली की अदलाबदली सुरू होतात, आणि त्या तोंडी होत असल्याने कुठेच नोंदल्या जात नाहीत. आधी कळलं तर इन्चार्ज सिस्टर नाईट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी) त्या दिवसाला जुळवू शकतात. नवे इंटर्न रुजू होण्याचा आठवडा आणि तपासणीचा आठवडा टाळा.

"सगळे एकाच दिवशी हवेत" हा आग्रह समजतो, पण हॉस्पिटलला कुलूप लावता येत नाही. आम्ही तोच कार्यक्रम दोन संध्याकाळी सुचवतो, मध्ये पाळ्या फिरतील एवढं अंतर ठेवून. दोन दिवस म्हणजे दुप्पट बिल, असं वाटणं साहजिक आहे. तसं नसतं. देखावा, छपाई, साहित्य तेच राहतं. वाढते ती आमच्या माणसांची मजुरी आणि वाहतूक. पहिल्या दिवशीची उत्तरं रातोरात सगळ्या वॉर्डांत पोहोचणार हे धरून खेळातल्या कुलपांचे आकडे आणि पाकिटांचा क्रम आम्ही बदलतो.

वेळेचं गणित शेवटाकडून मांडा. रात्रपाळी आठला चार्ज घेत असेल तर ते लोक सातच्या आत निघायला हवेत. म्हणजे बक्षीस समारंभ साडेसहाला, खाणं त्याआधी, खेळ पाच ते सव्वासहा. भाषण ठेवायचंच असेल तर पाच मिनिटांचं, आणि तेही सुरुवातीला. बक्षिसं सातवर ढकलली की जिंकलेल्या टीममधले दोघं तेव्हा लिफ्टमध्ये असतात. तुमच्या पाळ्यांच्या वेळा वेगळ्या असतील तर हेच गणित तेवढं सरकवा.

टीम आम्ही सातची पाडतो. खेळ असे बांधलेत की पाच जण उरले तरी चालतात. चार झाले की दोन टीम एकत्र करतो. एका विभागाचे दोनपेक्षा जास्त नकोत, ऑन कॉल (बोलावणं आलं की लगेच जावं लागणारा) एकच, आणि साहेब व त्यांच्या हाताखालची माणसं एका टीममध्ये नकोत. "आयसीयूची एक टीम, ओटीची एक टीम" अशी मागणी नेहमी येते. तशी पाडली की एका फोनवर अख्खी टीम उठून जाते.

थीम निवडताना दोन गोष्टी पाहा: माणूस मधेच गेला-आला तरी चालतं का, आणि डॉक्टर आपोआप कॅप्टन होतात का. वैद्यकीय प्रश्नमंजूषेत दुसरी अडचण हमखास येते, बाकीचे टाळ्या वाजवायला उरतात. आमच्याकडची "रेल्वे स्टेशन" ही थीम हॉस्पिटलसाठी सगळ्यात जास्त चालते. आठ फलाट, प्रत्येकावर एक खेळ, खेळाला आठ मिनिटं. घंटा झाली की टीम पुढच्या फलाटावर. ज्याला कॉल आला तो तिकीट खिडकीवर तिकीट जमा करून जातो, परतला की टीम ज्या फलाटावर असेल तिथे चढतो. त्यात खोळंबा होत नाही. एका फलाटावर कोऱ्या कागदावर मजल्याचा नकाशा काढायचा असतो: आगीची दारं, मागचा जिना, स्ट्रेचर वळेल असा कोपरा. हे सफाईवाल्यांना आणि सिक्युरिटीला पाठ असतं, त्यामुळे पेन आपोआप त्यांच्याच हातात जातं.

मोबाईल पेटीत जमा करायला लावणारे खेळ आम्ही हॉस्पिटलमध्ये घेत नाही. ऑन कॉल असलेल्यांच्या दंडाला पिवळी पट्टी बांधतो, म्हणजे फोन उचलला तरी गुण कापले जात नाहीत.

काही वस्तू मागितल्या तरी आम्ही आणत नाही. रबरी फुगे नाहीत, कारण हातमोज्यांमुळे लॅटेक्सची ॲलर्जी हॉस्पिटलच्या स्टाफमध्ये आढळते; कागदी कंदील लावतो. चमकी नाही, ती केसांतून आणि बाह्यांतून थेट वॉर्डात पोहोचते. धुराचं मशीन नाही, धुराचा अलार्म त्याला खरा धूर समजतो. बझरही नाही: मॉनिटरसारखा टूं-टूं आवाज झाला की निम्म्या सिस्टर मान वळवतात. "कोड ब्लू" (पेशंटचं हृदय बंद पडल्यावरची तातडीची हाक) किंवा तसली कुठलीही घोषणा गंमत म्हणूनही माईकवर करत नाही. वेषभूषा ठेवलीत तर नखं चिकटवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हात-स्वच्छता मार्गदर्शिकेनुसार रुग्णांशी थेट संपर्क असणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत, आणि चिकटवलेली नखं रात्री आठच्या ड्युटीआधी निघतीलच असं नाही. फोटो फक्त हॉलमध्ये. कॉरिडॉरमध्ये काढला की मागे एखादा पेशंट किंवा केसपेपर येतोच.

तारखेच्या १५ दिवस आधी पाठवा: त्या आठवड्याचा सगळ्या विभागांचा चार्ट, कंत्राटी स्टाफची नावं, ऑन कॉल यादी आणि हॉलचा नकाशा. त्यावरून टीमची यादी आम्ही करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दोन दिवस आधी इन्चार्ज सिस्टरांकडून झालेल्या अदलाबदली विचारून कळवा. ऐनवेळी सात-आठ नावं इकडची तिकडे होणार हे आम्ही धरूनच चालतो. कोरी तिकिटं सोबत असतात. हॉल मात्र दुपारी दोनपासून रिकामा हवा, आणि प्लग पॉइंट चालू आहेत का, हे तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून आदल्या दिवशी बघून घ्या.